गोडा बर्फ

आंबोळगडच्या सड्यावर मे महिन्यात
चप्पल काढायची नाही.
कातळ दिवसभर घेतलेला ताप
रात्री दहापर्यंत परत करत नाही.
आणि वारा समुद्रावरून येतो खरा,
पण घाटी चढून माझ्या चौथऱ्याशी पोचतो
तेव्हा ओल कुठेतरी सांडून आलेला असतो.

मुश्ताक होडेकर म्हणाला,
स्लॅब दिवसा नाही घालायचा.
चौदा वर्षं ओमानात त्याने हेच केलं,
वाळूच्या मधोमध,
दुसऱ्यांच्या डोक्यांवर छपरं.
"मावशी, उन्हापेक्षा वारा वाईट.
वरचं पाणी पिऊन जातो, आत सगळं ओलं,
मग कातडी तडकते."

मला लगेच कळलं.
वाकट्यांचं तसंच होतं.
वाऱ्याच्या दिवशी वरून लाकूड,
मोडून बघावं तर आत कच्च्या,
आणि माळ्यावर ठेवल्या की आठवड्यात किडे.

मग म्हणाला, पाण्यात बर्फ लागेल.

बर्फ! तीस वर्षं मी तो सरंग्यावर घातला,
बांगड्यावर घातला,
एकदा सासऱ्यांवर, मुलगा मुंबईहून येईपर्यंत.
घरात घालतात हे ऐकलं नव्हतं.

नाट्याच्या कारखान्यातून सहा लाद्या आल्या,
टेम्पोत, भुशात,
मासळीचा वास आधी चढला, बर्फ मागून.
मुश्ताकने हातोडीने कपची उडवली,
जिभेवर ठेवली, डोळे मिटून उभा राहिला.
खारट निघाला तर सळई आतून खाणार.
विजापूरची माणसं घमेली घेऊन थांबलेली.
"गोडा आहे," म्हणाला.

मीही एक कपची तोंडात टाकली.
याने माझी बोटं इतकी वर्षं बधिर केली,
चव मात्र आजच कळली.

खडीवर दुपारपासून भिजलेली किलतानं होती.
साडेआठला मिक्सर फिरायला लागला.
शिडीवर हणमव्वा, तिच्यामागे तिचा दीर,
घमेलं वर, रिकामं खाली,
आणि तिचं पोर टेम्पोत झोपलं होतं,
जिथे बर्फ होता त्याच गार भुशावर.
सड्यावर त्या रात्री तेवढाच थंड होता.

तीनला संपलं.
मुश्ताक उकिडवा बसून
थापीच्या पाठीने शेवटचा कोपरा पुसत होता,
तेव्हा वाऱ्याने एक किलतान उडवलं.
तो धावला. थोडा उशीर झाला.
सकाळी तिथे भेग होती,
करंगळीएवढी, केसापेक्षा जाड नाही.
तो तिच्याकडे असा बघत राहिला
जसं कोणी जेवायला बोलावून मीठ विसरावं.

मग चौदा दिवस पाणी.
वाळू-सिमेंटच्या बांधांनी त्याने वर
बारा खाचरं आखून दिली, बोटभर खोल.
टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी.
चार हंडे खाली, एक वर.
जाऊ म्हणाली, माणसं तहानलेली
आणि तू दगडाला पाजतेस.
मी म्हटलं, तो अजून दगड झालेला नाही.

सातव्या दिवशी टिटवी आली.
काठावर दोन पावलं चालली, थांबली,
पुन्हा दोन पावलं.
मे महिन्यात सड्यावर तळं,
तेही शिडी लावून चढायचं,
तिच्या हिशेबात बसेना.
मग प्यायली.
दुसऱ्या दिवशी जोडीदाराला घेऊन आली
आणि मलाच ओरडायला लागली,
माझ्या घराच्या डोक्यावरून.

पंधराव्या दिवशी बांध फोडले.
पाणी पन्हळीतून आलं, कोमट, सिमेंटच्या रंगाचं.
दोन बादल्या धरल्या,
मासळीची क्रेट धुवायला.

अकरा खाचरं फोडली.
मुश्ताक रागावला, डास होतील म्हणाला.
होऊ देत. भेग त्याच खाचरात आहे,
अजून थोडं पिऊ दे तिला.