मानस

चोडणच्या बांधाला चार दारांची मानस आहे.
पाणी आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं
ते ती ठरवते, असं लोक समजतात.
लाकूड काय ठरवणार?
सव्वीस वर्षं तिथं मी होतो,
पाश्कोल, इनास मानशीकाराचा धाकटा.
घाटावरून आलेला एक मास्तर हसला होता,
अरे, मानस म्हणजे मन!
मला तेव्हा ते कळलं नाही.

बापानं शिकवलं, आधी चंद्र बघ, मग बांध.
दोतोर्नीत शिकवलं, मोठ्यांचं ऐक.
ऐकणं मला जमायचं.
होय पाद्री, होय बाब, होय माय.
इगर्जीत आमेनसुद्धा
इतरांच्या अर्धा श्वास आधी.

त्या साली मासळीची पावणी एर्कुलानबाबानं घेतली.
जुलैतल्या पुनवेला बांधावर आला,
कानात कापूस, हातात टॉर्च.
म्हणाला, भरतीला दार बांधून ठेव,
सुंगटं येऊ देत आत.
मी म्हटलं, होय.
(हे होय आणि ते आमेन
एकाच तोंडात राहायचे.
त्यांची कधी ओळख झाली नव्हती.)

दोन वेढे, एक फास.
खारं पाणी शेतात शिरताना
आवाज करत नाही.

आपोलीनची दोन खाचरं मानशीला लागून.
कोरगुट खार सोसतं म्हणतात. सोसतं, थोडंसं.
आठवड्यात पात पिवळी,
मग चुलीतल्या राखेच्या रंगाची.
कणसांच्या फेस्ताला सगळ्यांनी वेदीपाशी कणसं नेली.
ती मागच्या बाकावर
ओच्यात हात लपवून बसली होती.

कुमसाराला गेलो. म्हटलं,
पाद्री, मला तसं सांगितलं होतं.
जाळीपलीकडे नुसता खोकला.
मग, गाठ कुणी मारली?
सांगितलं म्हणून मी...
गाठ, पाश्कोल.
मी, म्हटलं. आणि मग न विचारताच,
एक पाटली सुंगटं मलाही मिळाली.
हुमण केलं. बोटं चाटली.

त्यानं दहा नमान मारिया दिल्या नाहीत.
मला त्या हव्या होत्या,
मोजून हातावेगळ्या करता आल्या असत्या.
म्हणाला, जा.
कुठं, ते सांगितलं नाही.
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला
अर्धाच हुकूम दिला होता.

बांधावर हात धुवायला वाकलो
आणि पिलात आठवला.
दर आयतारी आपण त्याचं नाव घेतो.
इतके धुतले हात त्यानं,
नाव अजून तिथंच आहे.
चिखल तसाच ठेवून निघालो.

आपोलीन दारात सुके बांगडे निवडत होती.
दार मी उघडं ठेवलं, मी म्हटलं.
ठाऊक आहे.
मग बोलली का नाहीस?
तिनं मांजराला हाकललं.
म्हणाली, तू बोलशील म्हणून.

क्षमा केली का, आजही सांगता येत नाही.
तिनं कोपऱ्यातलं खोरं दाखवलं.
दोन पावसाळे मी तिची माती
गोड्या पाण्यानं धुतली.
तिसऱ्या साली कणीस धरलं, बारीक.

मधल्या एका पुनवेला टॉर्च पुन्हा आला.
मी म्हटलं, नाही.
तो शब्द तोंडात नवा होता,
नव्या दातासारखा जीभ तिकडेच जायची.
महिन्याभरात त्याला दुसरा मानशीकार मिळाला.
मिळणारच.

ऐकणं मी सोडलेलं नाही.
देवाला सोडून जाणार कुठं?
पण तो आताशा कमी बोलतो,
उरलेलं माझ्यावर टाकतो.
प्रत्येक होय मी आधी
हातात धरून बघतो, वजन किती,
कुणाच्या शेतात जाऊन पडेल.

म्हणून माझं आमेन आता उशिरा येतं.
तोवर बाकीचे
खाली बसलेले असतात.