उसवलेला पदर

हमरियाच्या यार्डात माझं काम एवढंच:
दोर बघणं.
क्रेनचा प्रत्येक पट्टा, साखळी, आकडा
हातमोजा काढून बोटांनी चाचपायचा.
एक जरी पदर उसवलेला लागला
तर तिथेच कापून दोन तुकडे करायचे,
म्हणजे रात्रपाळीतलं कुणी
घाईत उचलून वापरायला नको.
पास झाला त्याला त्या तिमाहीचा रंग.
या वेळी हिरवा.

अकरा वर्षं. माझ्या दोराने कुणाचं बोटसुद्धा गेलेलं नाही.
हे मी चार लोकांत सांगतो.
सांगायचो.

झुला शारजाच्या पक्षीबाजारातून आणला, बारा दिरहमला.
सुती, रंगीत, वेणी घातलेला, टोकाला गोंडा.
वृषाली म्हणाली, गोंडा जरा विसविशीत नाही का?
मी म्हणालो, खेळणं आहे गं,
याला काय दोन टन उचलायचेत?

ढब्बूचं वजन एकशे अठरा ग्रॅम.
तेही मला नंतर कळलं, दवाखान्याच्या काट्यावर.

ऑगस्टची संध्याकाळ, काच अजून पोळत होती.
दार उघडलं तर रोजची शिट्टी नाही.
तो उलटा लोंबत होता, मोडक्या छत्रीसारखा,
आणि चोचीने दोरी नव्हे,
स्वतःचं बोट तोडत होता.

बघू दे, बघू दे, बघू दे रे,
एवढंच म्हणत राहिलो. दुसरं वाक्य सुचेना.
धागा चष्म्यातूनही दिसेना, नखाला लागला.
वृषालीने भुवयांची बारीक कात्री आणली.
तिचा हात स्थिर होता.

डॉक्टर इहसान सुदानचे, हळू बोलणारे.
काळं पडलेलं बोट त्यांनी मला भिंगाखाली दाखवलं.
ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, महिन्याला असे तीन-चार येतात,
सगळ्यांना वाटतं, दोरी तर मऊ आहे.

पोपटाची पकड म्हणजे दोन पुढे, दोन मागे.
आता उजव्या पायाला दोन पुढे, एक मागे.

आई कुडाळहून फोनवर म्हणाली,
पाखराच्या बोटाला साडेसहाशे? तेही तिकडचे?
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: दुखतंय का रे त्याला अजून?

यार्डात गुलजमान पट्टा घेऊन आला.
मी तो इतका वेळ हातात धरून बसलो
की त्याने विचारलं, साहब, घर में ख़ैरियत?
छोटू की उंगली चली गई, मी म्हणालो.
कसा काय छोटू म्हणालो, कोण जाणे.
त्याने छातीवर हात ठेवला.
मी चूक दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून लाकडी उंट काढला,
पेशावरहून भाच्यासाठी आणलेला, घासून गुळगुळीत,
चार चाकं, ओढायला सुतळी.
बच्चे का दिल बहलेगा, म्हणाला.
मला नको म्हणता आलं नाही.
घरी येऊन सुतळी कापली.
दोन तुकडे केले. मग चार.

उंट पिंजऱ्याशेजारी उभा आहे.
ढब्बू त्याच्याकडे एका डोळ्याने बघतो, जवळ जात नाही.
झोपेत दांडीवरून घसरतो, पंख फडफडतात,
मी दिवा न लावता उठून बसतो,
पलीकडे वृषालीही जागीच असते.
झुल्याबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही.
बोलेल कधीतरी.

शुक्रवारी दुपारी, घरात कुणीच बोलत नसताना,
माझ्या आवाजात,
अगदी त्या संध्याकाळच्या माझ्या आवाजात
तो म्हणाला,
बघू दे.

वृषालीच्या हातातलं लाटणं थांबलं.

मी दार उघडून हात पुढे केला.
त्याने चोचीने माझं एकेक बोट चाचपलं,
सावकाश, नखापासून मुळापर्यंत,
कुठे काही उसवलंय का ते बघत,
आणि शेवटच्या बोटाशी
बराच वेळ थांबून राहिला.