दम्याने गेला

सोहारच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर बुश्रा कागद आडवा धरतात.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
मेलेल्यावरून तिरकी रेघ.
नवरा-बायकोमध्ये एक आडवी रेघ असते.
माझ्या आणि अश्फाकच्या मध्ये त्या दोन ओढतात,
तो माझ्या आत्याचा मुलगा म्हणून.
बाणकोटला याला घरातल्या घरात म्हणतात.
दागिने बाहेर जात नाहीत, एवढंच ठाऊक होतं.

त्या दोन रेघांच्या खाली उमेर. वय चार.
चौकोन पूर्ण भरलेला, निळ्या पेनाने.

त्याच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे.
मी म्हणायचे, ऑगस्ट आहे,
इथे काचासुद्धा घामेजतात,
आणि अश्फाक भट्टीवरून येतो
तेव्हा शर्टावर मिठाचे नकाशे असतात.
कोण चाखून बघतं कुणाचा घाम किती खरा?
खोकला होता. खोकल्याला धूळ होती.
धूळ तर सगळ्यांनाच होती.

मग त्याच्या दंडाला बांधलेली ती चकती,
अर्धा तास,
नळीत गोगलगायीसारखा सरकणारा निळा घाम,
आणि आकडा. साठाच्या आत हवा होता.
एकशे चार.

"एक अक्षर तुमचं, तेच अक्षर त्यांचं,"
डॉक्टर मोडक्या हिंदीत सांगतात, फार हळू.
"तुमच्याकडे एकेक प्रत चांगली होती, तुम्ही निभावलात.
याला दोन्ही बिघडलेल्या आल्या."

मग पेन वर चढतं.
"लवकर गेलेलं कुणी?"

सिराजचाचा.
माझ्या वडिलांचा भाऊ, अश्फाकच्या आईचा भाऊ,
एकच चौकोन, आम्हा दोघांच्याही वर.
वय सत्तावीस. तिरकी रेघ.
"कशाने?"
"दम्याने," मी म्हणते.
हे वाक्य माझ्या तोंडात लहानपणापासून तयार आहे,
लग्नाच्या बोलणीतही त्याला अडखळावं लागलं नाही.

"पंप घ्यायचे? रात्री धाप लागायची?"
अश्फाक एसीकडे बघतो.

रात्री तो झोपायचा नाही, हे खरं.
दुबईहून त्याला परत धाडलं
तेव्हा ट्रंकेत साबण होते, एकसारखे एकोणचाळीस,
प्रत्येकावर नखाने कोरलेलं एकेक नाव,
ज्यांचे आवाज त्याला यायचे त्यांचं.
आम्ही ते साबण वर्षभर वापरले.
नावं फेसात गेली.
विहिरीतून काढला तेव्हा छातीत पाणी होतं.
म्हणजे श्वासच कोंडला ना, कुणीतरी म्हणालं,
आणि तिथे दमा ठरला.

हे मी सांगते. पहिल्यांदा, मोठ्याने.
मला वाटतं, आता हाही चौकोन निळा होणार
आणि तिथून एक रेघ सरळ खाली उमेरपर्यंत येणार.

"नाही," त्या म्हणतात. "याचं असं एक अक्षर नसतं.
शेकडो ठिकाणी थोडं थोडं,
आणि वरून आयुष्य काय घालतं ते.
तुमच्यात असेल. माझ्यातही असेल."
म्हणजे चिमूट चिमूट मीठ, मी मनात म्हणते,
कुणाचं कालवण बिघडेल
हे डब्याकडे बघून सांगता येत नाही.

त्या हिरवं पेन घेतात,
चाचाच्या चौकोनाचा फक्त एक कोपरा रंगवतात,
शेजारी अरबीत एक शब्द.
मला तो वाचता येतो, कुराण वाचते म्हणून.
अर्थ विचारत नाही.

रात्री अब्बांचा फोन.
उमेर मांडीवर पालथा,
मी वाटीसारखा हात करून पाठ थोपटते आहे,
डावीकडे दहा मिनिटं, उजवीकडे दहा, कफ सुटावा म्हणून.
"दमाच ना?" ते घाईने विचारतात.
"नाही," मी म्हणते.
"आणि सिराजचाचालाही नव्हता."

तिकडे बराच वेळ नुसता श्वास.
मी थोपटत राहते.
अजून उजवी बाजू बाकी आहे.