फ्लॅट तीनशे चार, सोहार

फोन ठेवताना आई रोज दोन वाक्यं म्हणते.
काळजी करू नकोस.
काळजी घे.
मी अडतीस वर्षांची आहे.
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये
नमुने तपासते, तीन दशांशांपर्यंत उत्तर देते.
पण जी करायची नाही ती घ्यायची कशी,
आणि घेतली तर ठेवायची कुठे,
हे मला अजून जमलेलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी व्हिडिओवर सांगितलं,
ऑटिझम आहे, सोबत ॲन्झायटी.
सोबत हा त्यांचा शब्द.
मला नवरीमागे उभी राहिलेली करवली दिसली,
हातात कलश घेऊन अवघडलेली,
आणि मला हसू फुटलं.
डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.
आई म्हणाली, तसलं काही नाही गं,
लहानपणी तू नुसती हट्टी होतीस.

ऑगस्टात बिल्डिंगचं दार उघडलं
की चष्म्यावर वाफ धरते.
अकरा सेकंद काही दिसत नाही,
आणि त्या अकरा सेकंदांत
कुणीही मला हाक मारू शकतं.

लिफ्टमध्ये अरबीतली नवी नोटीस आहे.
पाण्याबद्दल असेल.
भाड्याबद्दल असेल.
माझ्याबद्दल असेल.

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी धुराच्या अलार्मची
बॅटरी संपत आली आहे.
दर चाळीस सेकंदांनी एकदा टिवटिवतो.
बाकीची बिल्डिंग झोपते.
मी एकोणचाळिसाव्या सेकंदात राहते.

खालच्या बकाल्यात सहा वर्षं मोयदूक्का होते.
मी पाचशे बैसांची नोट ठेवायची,
ते ब्रेड ठेवायचे, वर पन्नासचं नाणं.
कशा आहात, असं त्यांनी कधी विचारलं नाही.
या शहरात माझी
तेवढीच एक मैत्री, असं मी धरून चालले होते.
त्यांना विचारलेलं नव्हतं.

गुरुवारी त्यांच्या खुर्चीत एक पोरगा बसलेला.
मिसरूड नुकतं फुटलेलं, रेडिओ मोठ्याने लावलेला.
माझा तळहात आधी गार पडला,
मग दुकानातल्या सगळ्या फ्रीजची घरघर
एकाच वेळी वेगवेगळी ऐकू यायला लागली.
मी परत फिरले.
तीन रात्री दहीभात खाल्ला,
उभ्याने, ओट्यापाशी.

चौथ्या दिवशी दहीच संपलं.
पोरग्याने मला पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं,
रेडिओ बंद केला.
उठून मागचा दुसरा ब्रेड काढून आणला.
नाणं काचेवर ठेवलं, माझ्या हातापासून वीतभर लांब.

गल्ल्याला खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला होता,
त्यावर मल्याळम, गोल गोल, जिलब्यांसारखं.
मध्येच आकडे, तेवढे मला वाचता आले.
तीनशे चार.
मी बोट दाखवलं.
तो ओळीवरून बोट फिरवत मोडक्या हिंदीत सांगू लागला:
तीनशे चारची मॅडम. तपकिरी ब्रेड, मागून दुसरा.
सुट्टे पैसे काचेवर, हातात नाही.
रेडिओ कमी.
बोलायचं नाही...
इथे त्याने जीभ चावली.

पुढे, मी म्हटलं.

चार दिवस आल्या नाहीत
तर वॉचमनला वर पाठवायचं.
मोयदूक्का गावी गेलेत, गुडघ्याचं ऑपरेशन,
असं त्याने स्वतःहून जोडलं,
ते पुठ्ठ्यावर नव्हतं.

जिन्यात मी बराच वेळ बसले.
लिफ्ट नको होती.
ब्रेड मांडीवर, जरा दबला.

रात्री आई म्हणाली, काळजी घे.
घेतली, मी म्हटलं.
काय गं बोलतेस, म्हणाली ती,
आणि मग भोपळ्याच्या भावाबद्दल सांगत राहिली.

मागून दुसरी, मी मनात म्हटलं.
वरची बॅटरी
अजून संपलेली नव्हती.