एक की नऊ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात गुरुवारी
हीटरशेजारचं टेबल आमचं.
एनिड हॅलम आधी कोट काढते, मग पेन्सिल,
मग सांगते, आजचं साधं नाही हं.

पिंजरे बघ आधी.
दोन घरांत सतरा, म्हणजे आठ नि नऊ.
कोण कुठल्या घरात, ते मागाहून.
तिनं उभा जन्म गोदीवर कॉडच्या पेट्या मोजल्या,
मी मिरजेला नोटा.
ओळीची बेरीज पंचेचाळीस
हे आम्हा दोघांना शिकवावं लागलं नाही.
पिंजऱ्यांचे एकेचाळीस भरले
की उरल्या घरात चार.
रोकड जुळली.

कधी घोड्याचा नियम असतो:
घोडा जिथे पोचेल तिथे तोच आकडा नको.
आमच्यात घोडा अडीच घरं चालतो, मी म्हणालो.
अर्धं घर कुठलं, तिनं विचारलं.
तीन आठवडे झाले, मी शोधतोय.

आणि ती हिरवी रेघ.
तिच्यावरच्या शेजाऱ्यांत पाचाचं तरी अंतर हवं.
पाचातून पाच गेले शून्य, पाचात पाच मिळवले दहा,
दोन्ही वेशीबाहेर.
पाचामुखी परमेश्वर म्हणणारे आम्ही,
इथे पाचाला पाऊल ठेवायची सोय नाही.
चाराला जोडीदार एकच, नऊ.
सरळ रेघेत चार मध्ये आला तर दोन नऊ लागतील,
म्हणून त्याला टोकाला ढकलायचा.
तीन नि सहा, छत्तीसचा आकडा,
पाठीला पाठ लावून बसलेले.
पण रेघेला एवढं भांडण पुरत नाही.

मागच्या गुरुवारी शेवटच्या घराशी
एका ओळीत दोन सात निघाले.
खोडरबराचा भुगा फुंकत
मागं मागं गेलो.
अख्खी रेघ उलटी, लहानांच्या जागी मोठे.
आणि अगदी टोकाला, पहिल्या घरात,
माझ्या हातचा बारीक १,
सवयीनं देवनागरी.
तिनं तो नऊ वाचला होता.

सॉरी म्हणायचं कुणी, ठरेना.
मग तुमचा नऊ कसा, ती म्हणाली.
मी समासात काढला. ९.
तिनं कागद आपल्याकडे फिरवला,
चष्मा कपाळावर सरकवला, बघत राहिली.
पाय पोटाशी घेऊन बसलंय कुणीतरी, म्हणाली.

काचेबाहेरून नऊ नंबरची बस गेली.
आमची.