असावं

नॉरिचच्या मठाचं छप्पर
आज चौथ्यांदा उतरवलं.
भिंत गुडघ्याएवढी उरलीय, ती राखाडी, ठाम.
वरचं सगळं अंदाजपंचे,
म्हणून धुरकट ठेवलंय,
पलीकडचं झाड दिसेल इतकं.

मॉडेलला उंची हवी असते, आकड्यात.
'असावं' त्याला कळत नाही.

थर्टलबाई, बावीस वर्षं इथलं गवत कापणाऱ्या,
पडद्यावर बोट टेकवतात :
"हा जिना कुठे जातो?"
पाच पायऱ्या खऱ्या. सहावी माझी.

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.
"अच्छा. धूर काचेवर नाही."

मग म्हणाल्या, पाचवी डावीकडेच झिजलीय बघ,
कुणीतरी रोज वळायचं तिथून.

सहावी पुसली.
जिना डावीकडे वळवला,
तोही धुरकटच.