चिकट

ऑक्टोबरच्या उन्हात दार उघडलं
आणि दाराने माझा हात धरला.
सोडेना.
अंगठ्याचा ठसा तिथेच राहिला,
तलाठ्याच्या कागदावर राहतो तसा.

चौदा वर्षांची गाडी,
पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली.
देताना तो म्हणाला होता,
आतून बघा, हात फिरवून बघा, किती मऊ आहे.
मी फिरवला.
एकतीस वर्षं उपकेंद्राच्या लोखंडी कपाटांची सवय झालेला हात
तेवढ्यावर भुलला.

वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तो मऊपणा पाघळला.
काचांची बटणं, हँडल, गिअरभोवतीची चौकट,
जे येईल त्याला धरून बसलेली.
एक डास, पंख पसरून.
भाचीचा लांब केस.
काजूगराचं साल.
मोचेमाडच्या चढणीला मळमळलं म्हणून
कुणीतरी चोखलेल्या लिंबाचं बी.
आणि शिरोड्याच्या लग्नाला नेलेल्या विहीणबाईंच्या
मोतिया साडीचा एक धागा.
त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध.
शेजारची शेवंती म्हणाली, राख.
पंपावरचा पोरगा म्हणाला, रॉकेल.
मी आधी खोबरेल लावलं, फणसाच्या चिकाला लावतो तसं.
दोन दिवस चकचकीत.
तिसऱ्या दिवशी फणस परत आला.
मग पावडर मारली, बाळाची.
दार उघडलं की न्हाऊ घातलेल्या तान्ह्याचा वास,
हात लावला की तोच चीक,
फक्त आता पांढरा.

बस्त्याव सीटकव्हरं शिवतो.
त्याने नखाने खरवडून बघितलं, नख शर्टाला पुसलं.
"सिस्टर, प्लॅस्टिक कुसूक नाय हां.
हाताक मऊ लागाचां म्हणान वरसून रंग दिलेलो, तो पाघळलो.
तो काढून टाका. आतलां घट आसा."

स्पिरिट मला कुणी शिकवायला नको.
कापसाचा बोळा, एकाच दिशेने,
दंड पुसावा तसं दार पुसायला घेतलं.
पहिला बोळा काळा आला.
दहावाही.
आणि तोंडातून निघून गेलं,
"दुखणार नाही हं."
दाराला!
कुणी ऐकलं का म्हणून वळून बघितलं.
शेवंतीची कोंबडी होती फक्त, एका पायावर उभी.

हे वाक्य किती वर्षांनी म्हटलं मी.
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आधी मऊ बोला, मग सुई.
सुरुवातीला बोलायचे. प्रत्येक पोराला, नाव विचारून.
पुढे नुसतंच,
"बाही वर."
एकदा शाळेच्या पडवीत एका मुलीने विचारलं होतं,
"सिस्टर, तुमका राग इलो?"
राग नव्हता गं.
तुझ्यामागे अजून बत्तीस जण होते
आणि डब्यातला बर्फ वितळत होता.
हे तिला सांगितलं नाही.
पुढचा दंड धरला.

तीन रविवार गेले. दोन बाटल्या, कापसाचं एक अख्खं बंडल.
खालून निघालं ते
बादलीसारखं काळं, जागोजागी ओरखडलेलं.
टिचकी मारली तर वाजतं.
बटणांवरची चित्रं मात्र बोळ्याबरोबर गेली,
सगळी बटणं सारखीच कोरी.

काल भाचीला आणायला कुडाळ स्टेशनवर गेले.
मागच्या सीटवर बसल्या बसल्या म्हणाली,
"आत्या, काच खाली कर ना."
मी चाचपत एक दाबलं.
बाहेरच्या आरशाने कान मिटला.
दुसरं दाबलं.
वारा आत आला, सुक्या माशांचा, ओळखीचा.
तिने दारावर कोपर टेकलं,
जरा बिचकत,
आणि लगेच उचलून बघितलं.

सुटलं.
मग परत टेकलं.